मीठ, कोळसा आणि तांब्याचा पत्रा

आमचे नाना, म्हणजे माझे वडील, कोणावर एकदम विश्वास ठेवत नसत, आणि हळूहळू तर मुळीच ठेवत नसत. दूध काढून आणलं की त्यातला थेंब ते आधी नखावर घेत आणि तो कसा ओघळतो ते बघत. तुपाच्या बरणीला बाहेरून चुन्याची बारीक रेघ ओढलेली असे. कणगीचं तोंड लिंपलं की ओल्या मातीवर ते स्वतःचा पंजा उठवून ठेवत, म्हणजे कोणी लिंपण फोडून परत लावलं तर कळावं. घरात पाहुणा आला तर तो का आला असेल याचा विचार तो असेपर्यंत चाले, आणि गेला की इतक्या लवकर का गेला याचा. माणूस वाईट नव्हता. त्यांनी कधी कोणाचं बांधभर वावर दाबलं नाही, गड्याला उपाशी धाडलं नाही. पण समोरचा माणूस खरं बोलतो आहे ही शक्यताच त्यांच्या हिशेबात सगळ्यात शेवटी यायची.

हे लिहिताना मी काही साळसूदपणाचा आव आणत नाही. परवा गच्चीवरची डिश नीट करायला एक मुलगा आला होता. मी गुडघे धरत जिना चढले आणि तो जाईपर्यंत त्याच्या पिशवीवर नजर ठेवून उभी राहिले. तो गेल्यावर चित्र स्वच्छ दिसायला लागलं, तर माझ्या मनात पहिलं काय आलं असेल? की मागच्या वेळी यानेच मुद्दाम काहीतरी ढिलं ठेवलं असणार. सून हसली. म्हणाली, "आई, तुम्ही पण ना!" मला हसू आलं नाही. मला नानांचा आवाज ऐकू आला होता.

आमचं घर पिंपळगाव राजाला, धाब्याचं, मागे मोठं अंगण आणि गोठा. आई मी चार वर्षांची असतानाच गेली. मला वाढवलं आत्यानं, म्हणजे नानांच्या थोरल्या बहिणीनं. ती विधवा होऊन माहेरी आलेली, चुलीपासून देव्हाऱ्यापर्यंत सगळं तिच्या हुकमात. मोठा भाऊ शेती पाहायचा. त्याची बायको, माझी वहिनी, तेव्हा दिवसांत होती. दोनदा तिचं पोट पडलं होतं, त्यामुळे या खेपेला सगळं घर दबक्या पावलांनी चालायचं. पहाटे जात्याची घरघर, मग गोठ्यातल्या घंटा, मग आत्याच्या भाकरीच्या थापा, या आवाजांनी आमचा दिवस उजाडे. कळण्याची भाकर, लाल मिरचीचा ठेचा, वर कढी. वहिनीला तेवढी आत्या तव्यावरची पहिली भाकर तूप माखून देई, आणि चुन्याची रेघ त्या महिन्यांत नाना बघूनही न बघितल्यासारखी करत.

मी सातवीत होते. गावात मुलींसाठी पुढची शाळा नव्हती. आमचे गुरुजी नानांना येऊन सांगून गेले होते की पोरगी हुशार आहे, खामगावच्या मुलींच्या शाळेत घाला, तिथे राहायची सोय आहे. नाना नाही म्हणाले नाहीत. ते म्हणाले, "पाहू." नानांच्या तोंडून "पाहू" निघणं म्हणजे मोठीच गोष्ट होती, पण ती परीक्षाही होती हे मला कळत होतं. ते खरोखरच पाहत होते. मी कशी बसते, कोणाशी बोलते, विहिरीवर किती वेळ लावते. त्या महिन्यांत मी घरात पाय न वाजवता वावरले. मला खामगावला जायचं होतं, इतकं की रात्री पाठ्यपुस्तक उशाखाली घेऊन झोपायची, त्यानं काही होतं असं वाटून नव्हे, नुसतं जवळ असावं म्हणून.

अशात नानांनी रेडिओ आणला. नवं राज्य होऊन फार वर्षं झाली नव्हती, आणि सरकार रेडिओवरून शेतकऱ्यांना बरंच काही सांगतं असं त्यांच्या कानावर आलं होतं. सरकार काय सांगतं आणि काय लपवतं ते आपल्या कानांनी ऐकावं असा त्यांचा विचार. गावात वीज आली नव्हती, रेडिओ बॅटरीवर चालणारा. खामगावहून बैलगाडीत गादीवर ठेवून आणला. लावला तर आत नुसती खरखर, मधूनच कोणीतरी विहिरीतून बोलावं तसे दोन शब्द. दुकानदारानं सांगितलं होतं की उंचावर तार बांधा, एरियल म्हणतात तिला, आणि दुसरी तार जमिनीत पुरा. नानांना हे पटलं नाही. आवाज हवेतून येतो तर जमिनीत काय पुरायचं? दुकानदार तार खपवायला बघतो असं त्यांचं मत पडलं. पण आठ दिवस खरखर ऐकल्यावर त्यांनी उत्तमला बोलावणं धाडलं.

उत्तम आमच्याच गावचा, विशीतला. अकोल्याला रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात दोन वर्षं राहून शिकून आलेला. त्याची वस्ती गावाच्या दुसऱ्या टोकाला. त्या लोकांनी काही वर्षांपूर्वी बौद्ध धर्म घेतला होता, पिढीजात ओढायची ती कामं सोडली होती, आणि त्यांचं ताठ मानेनं चालणं आमच्या आळीला खुपायचं. उत्तम इस्त्रीचा शर्ट घालून, खांद्याला हत्यारांची पिशवी लावून आला. त्याला घरातून धाब्यावर जाऊ दिलं नाही, गोठ्याच्या बाजूनं शिडी लावून दिली. त्यानं एक बांबू धाब्यावर, दुसरा गोठ्याच्या कोपऱ्यावर उभा केला, मध्ये तांब्याची तार ताणली, दोन्ही टोकांना चिनीमातीच्या पांढऱ्या गुंड्या लावल्या. रेडिओ माजघरात. मग तो खिडकीबाहेर उभा राहून सांगायचा आणि आतून भाऊ तार जोडायचा. आपलं काम दुसऱ्याच्या हातून खिडकीतून करून घेताना त्याला काय वाटत असेल हा विचार तेव्हा माझ्या डोक्यात आला नाही. आज येतो.

जमिनीतल्या तारेसाठी त्यानं मागच्या अंगणात, न्हाणीचं पाणी वाहत जाई तिथे, कमरेएवढा खड्डा खणला. भाऊ बैल सोडायला गेला होता, म्हणून नानांनी मला उभं केलं होतं, तो काय करतो ते बघायला.

"ताई, घरातून थोडं खडेमीठ अन् कोयसे आणून द्याल काय?" तो म्हणाला.

मी आणून दगडावर ठेवलं. त्यानं तारेला जोडलेला तळहाताएवढा तांब्याचा पत्रा खड्ड्यात ठेवला, त्यावर कोळसा, मीठ, परत कोळसा, मीठ असे थर दिले आणि माती लोटली.

"हे काऊन?" मी विचारलं.

"जमिनीत ओल धरून ठेवते हे. रोज सकायी एक तांब्या पाणी टाकत जा. ओल राह्यली त आवाज साफ येईल."

एवढंच आमचं बोलणं. मी त्यातला शब्द न् शब्द इथे लिहिला आहे, कारण पुढे या बोलण्याला लोकांनी बरंच काही जोडलं.

त्या संध्याकाळी रेडिओ असा लागला की वहिनी दचकली. नागपूरचा माणूस आमच्या माजघरात बसून तुरीच्या किडीबद्दल बोलत होता. नाना पायावर पाय टाकून ऐकत होते. बातम्या झाल्या की ते मुंबई लावत आणि तिकडचा माणूस तेच सांगतो का ते पडताळून बघत. दोन्हीकडे सारखंच निघालं तर म्हणत, "दोघं मिळून ठरवते लेकाचे." आळीतली माणसं ओट्यावर येऊन बसू लागली. आठवडाभर आमच्या घरात खरंच आनंद होता.

मग वहिनीला ताप भरला. दोन दिवस उतरेना. आत्या तिच्या उशाशी बसून होती, आणि बसल्या बसल्या तिला मागचं दार दिसत होतं, दारातून मी खड्ड्यावर पाणी घालताना दिसत होते. तिसऱ्या दिवशी दुपारी, नाना आणि भाऊ वावरात गेलेले, मी न्हाणीकडे गेले तर आत्या खुरपं घेऊन खड्डा उकरत बसलेली. पदर कमरेला खोचलेला, कोपरापर्यंत काळी.

"आत्या, हे काय करून राह्यली?"

"चूप. पाह्य, काय निघालं ते पाह्य. मीठ, कोयसा, तांबं. अन् वरून रोज पाणी. हे काय रेडिओचं काम होय? वैनीच्या पोटावर करणी केली त्यानं."

"अवं, मीठ-कोयसे त मीच देल्ले घरातून."

"म्हणूनच त! असल्या कामाले घरातलंच मीठ लागते."

 आत्याचा संशय नानांसारखा नव्हता. नानांना माणसं लबाड वाटत, आत्याला माणसांच्या मागे आणखी काहीतरी उभं आहे असं वाटे. तिनं तार पिळून पत्रा तोडला, तारेचं टोक परत मातीत खुपसलं, माती थापून वरून झाडू मारला. पत्रा फडक्यात बांधला, नदीवर जाऊन पाण्यात टाकून आली. आल्यावर माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाली, "नानाले सांगशील नाई. वैनीच्या पोटातल्याची आन हाये तुले."

मी गप्प राहिले. आणेची भीती होती, पण खरं सांगायचं तर त्याहून मोठी भीती "पाहू"ची होती. घरात कसलाही गोंधळ माझ्या नावावर नको होता. दोन दिवसांनी वहिनीचा ताप उतरला, तो उतरायचाच होता, पण आत्यानं माझ्याकडे असं बघितलं की झाली की नाही खात्री.

रेडिओ मात्र बसला. परत खरखर, परत विहिरीतला आवाज. नानांनी एकेकाला धरायला सुरुवात केली. आधी तारेवर बसणारे कावळे. मग शेजारचे, कारण त्यांनी त्याच आठवड्यात कडब्याची गंजी उंच रचली होती. मग भाऊ, की तो नाना नसताना बटणं पिळतो. चार दिवस हे चाललं आणि मी चारही दिवस खाली मान घालून भाकरी खाल्ली. पाचव्या दिवशी सकाळी त्यांनी उत्तमला बोलावलं. तो आला तेव्हा मागच्या ओट्यावर शेजारची तीन-चार माणसं होतीच.

उत्तमनं धाब्यावरची तार तपासली, गुंड्या तपासल्या, बॅटरी खिडकीतून घेऊन पाहिली. मग अंगणात येऊन खड्डा उकरला. कोळसा निघाला, मीठ विरघळलेलं, तारेचं तुटकं टोक निघालं. तो उकिडवा बसला होता तसाच वर बघत म्हणाला, "नानासाहेब, पत्रा नाही."

"नाही म्हणजे?"

"कोणी तरी काढून नेला. हे पाहा, तार पिळून तोडेल हाये."

"माह्या घराच्या मांगच्या अंगणात येऊन कोण काढीन बे? आँ? तूच पुरला, तुलेच जागा ठाऊक."

उत्तमच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या.  त्यानं हात धुतले, पिशवी तिथेच ठेवली आणि निघून गेला. माणसं आपसात कुजबुजली. मला वाटलं आता तो येत नाही, सुटले मी. पण तो अर्ध्या तासात परत आला. हातात तांब्याचा जाड तुकडा, हातोडीनं ठोकून सपाट केलेला. एका कडेला अजून गोलाई होती, पाणी तापवायच्या घंगाळाची. घरातलं भांडं कापून आणलं होतं त्यानं. आपलं काम खोटं नव्हतं एवढं दाखवायला. तार जोडली, थर दिले, माती लोटली, भाऊनं बाहेर आणून ठेवलेलं पाणी ओतलं आणि खिडकीशी जाऊन भाऊला म्हणाला, "लावा आता."

नागपूर लागलं, अगदी स्वच्छ. बाई भजन म्हणत होती, तिचा श्वाससुद्धा ऐकू येत होता. मला इतका आनंद झाला की मी माणसांकडे बघितलं, आता तरी कळलं ना अशा नजरेनं. आणि नाना म्हणाले, "असं होय! पत्रा टाकल्याबरोबर वाजला. म्हणजे अगोदर टाकलाच नव्हता. नुसती माती लोटून गेला होता गडी."

ओट्यावरच्या माना हलल्या. सगळ्यांना ते पटलं. रेडिओ जितका चांगला वाजत होता तितका उत्तम लबाड ठरत होता.

"पह्यले आठ दिवस वाजला होता ना, नानासाहेब," उत्तम म्हणाला.  "पत्र्याबिगर वाजला असता काय?"

"ते तुह्यं तूच जाणो. आता इथून पुढं या आळीत कोणाच्या धाब्यावर चढजो नको. अन् खामगावच्या दुकानदाराले बी मी सांगून ठेवतो, याले काम देऊ नका म्हणून."

उत्तमनं माझ्याकडे बघितलं. पत्रा पुरताना मीच तर उभी होते. पण त्यानं माझं नाव घेतलं नाही. त्यानं मला ओढलं असतं तर कदाचित मी मागे सरले असते, नाही म्हणाले असते. त्यानं नजर काढून घेतली म्हणून मला राहवलं नाही.

"नाना, यानं पत्रा टाकला होता. म्या पाह्यलं. आत्यानं काढून नदीत टाकला."

आत बाई गातच होती. आत्या मागच्या दारात उभी होती. मला वाटलं ती नाकारेल. पण आत्या खोटं बोलणारी नव्हती. ती म्हणाली, "हाव, काढला म्या. वैनीसाठी काढला. तुमच्या रेडिओपायी माह्या घरातला जीव जाऊ देऊ काय?"

नाना तिच्याकडे बघत राहिले. मग एकदम हसले. ओट्यावरची माणसंही हसली. "अक्का, तू बी ना!" असं काहीतरी झालं. मला वाटलं संपलं. आता नाना उत्तमला दोन शब्द बरे बोलतील. भाऊनं तर चहा ठेवायला सांगितलं. पण नानांचं हसू तोंडावर असतानाच डोळ्यांतून गेलेलं मी बघितलं. ते माझ्याकडे वळले.

"सुमे, अक्कानं पत्रा काढला हे तुले कधीचं ठाऊक?"

"त्याच दिवशी पाह्यलं."

"म्हणजे हप्ताभर ठाऊक. मी कावळे हाकलून राह्यलो, भावाले बोलून राह्यलो, तवा नाई बोलली. आज काऊन बोलली?"

 हप्ताभर न बोलण्याला आत्याची आण होती, खामगावची भीती होती. आज बोलण्याचं खरं उत्तर एवढंच होतं की त्या माणसावर अन्याय होत होता. पण ते उत्तर त्या अंगणात देण्यासारखं नव्हतं. नानांनी एकदा माझ्याकडे, एकदा उत्तमच्या इस्त्रीच्या शर्टाकडे पाहिलं. ओट्यावरच्या माणसांनीही पाहिलं.

"जा तू," नाना उत्तमला म्हणाले. उत्तम चहासाठी थांबला नाही. पिशवी उचलून, माझ्याकडे न बघता गेला. तो शहाणा होता. माझ्याकडे बघितलं तर माझंच वाईट होईल हे त्याला माझ्याआधी कळलं होतं.

नाना मला एक शब्दही लावून बोलले नाहीत. नुसतं विहिरीवर जाताना आत्या बरोबर येऊ लागली. सातवीची परीक्षा झाली, मी पहिली आले. वहिनीला मुलगा झाला, घरात गूळ वाटला. उन्हाळा संपत आला तेव्हा गुरुजी आले. मी दाराआड उभी होते.

"मी खामगावच्या शाळेचा अर्ज दिला होता तुमच्याकडं, भरून द्या. दिवस थोडे राहिले."

"हरवला," नाना म्हणाले.

"मी दुसरा आणतो."

"गुरुजी, तुमच्या घरी रेडिओ हाये ना? तार कोणं बांधून देल्ली?"

गुरुजींच्या घरची तार अर्थातच उत्तमनं बांधली होती, गावात दुसरं होतं कोण. गुरुजींनी तसं सांगितलं. नानांनी मान हलवली, जणू एक मोठा हिशेब जुळला. गुरुजी परत आले नाहीत.

एक प्रयत्न आत्यानंही केला. जेवायला वाढताना ती नानांना म्हणाली, "पोरीले धाड शाळेत. चूक माही होती, तिची काय?" नाना घास हातात धरून म्हणाले, "तू काऊन एवढी तिची बाजू घेऊन राह्यली, अक्का? तुले काही ठाऊक हाये काय?" आत्या हातातली वाटी घेऊन तशीच उभी राहिली. तिला रडताना मी त्या दिवशी पहिल्यांदा बघितलं. पुढच्या दोन वर्षांत माझं लग्न झालं. चांगलं घर मिळालं, नवरा चांगला निघाला, मी रडगाणं गाणार नाही. पण मी त्या दिवशी खरं बोलले याचा मला कितीतरी वर्षं पश्चात्ताप होत राहिला, आणि आपल्याला पश्चात्ताप होतो याची लाज वाटत राहिली. दोन्ही गोष्टी अजून पुरत्या गेलेल्या नाहीत.

नाना गेले तेव्हा भाऊनं त्यांची पेटी माझ्यासमोर उघडली. किल्ली त्यांच्या करदोट्यात शेवटपर्यंत होती. आत सातबारे, देवीची चांदीची मूर्त, आईचं एक पातळ, आणि तळाशी चार घड्या घातलेला खामगावच्या शाळेचा अर्ज. उघडला तर पूर्ण भरलेला. माझं नाव, इयत्ता, पालकाचं नाव, आणि खाली नानांची गिरगटलेली सही.  म्हणजे त्यांनी मला धाडायचं ठरवलं होतं. रेडिओच्या आधीच ठरवलं होतं, आणि मी बोलले म्हणून तो कागद पेटीत गेला? की त्या उन्हाळ्यानंतर कधीतरी, एकटे बसून, उशीर झाल्यावर त्यांनी सही केली होती आणि मला सांगायची त्यांना हिंमत झाली नाही? भाऊ म्हणाला, आधीचाच असेल. आत्या असती तर नंतरचाच म्हणाली असती. मी तो कागद उजेडात धरून, उलटून, शाईचा रंग बघून, कितीदा तपासला असेल. सही आहे. तारखेची जागा कोरी आहे.